पेटी पोचली, काजळ नापास

आइंडहोव्हन, रविवार

ती. आईस,


रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून. "खोबरेल लाव" म्हणतेस आणि फोन बाबांकडे देतेस. तुझ्या पेटीचा हिशेब द्यायचाय, तो लेखीच बरा.

पण पेटी यायच्या कितीतरी आधी माझ्याच कपाटाची झडती झाली, हे तुला माहीत नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात तुझ्या जावयाने माझ्या सगळ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला बसला. या माणसाने जन्मात कधी दुधावरची तारीख वाचलेली नाही. पहिली विकेट पडली ती माझ्या रात्रीच्या सीरमची. मे महिन्यात इथे सुट्टीचा भत्ता मिळतो, तो मी त्यावर घातला होता. त्यात रेटिनॉल निघालं, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचंच एक रूप. याच घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मुरुमांसाठी देतात आणि त्या पोटातल्या बाळाला खरोखरच इजा करतात. चेहऱ्याला लावलेलं तेवढं रक्तात जात नाही, तरी नऊ महिने लांबच ठेवतात. सुईण म्हणाली, "सुरकुत्यांना थांबायला सांग. त्या कुठे जात नाहीत." (इथली सुईण म्हणजे चार वर्षांचं शिक्षण घेतलेली, सायकलवरून येणारी बाई. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टरची गाठही पडत नाही.)

मग दुकानातल्या मुलीने नैसर्गिक पर्याय म्हणून दुसरी बाटली पुढे केली. नाव बाकुचिऑल. आई, ही आपली बावची! आजोबांच्या कपाटात कोडावरचं औषध म्हणून असायची, तीच. पस्तीस युरो. मी मोठ्या अभिमानाने सुईणीला दाखवली, तर ती म्हणाली, झाडापासून आलंय म्हणजे गरोदर बायकांत तपासलंय असं होत नाही. अभिमान परत केला, पस्तीस युरोही परत घेतले.

पाचव्या महिन्यात गालांवर वांग उठले. मावशीने कुणाबरोबर तरी गोरं करणारं क्रीम धाडलं, तुला न सांगता. डबीवर ना घटक, ना कंपनी, नुसता गुलाबाचा फोटो. असल्या बिननावाच्या डब्यांत पारा सापडतो, आणि पारा वार ओलांडून बाळापर्यंत जातो. डबी थेट घातक कचऱ्यात गेली. मावशीला सांग, फार गुण आला.

वांगावर खरा उपाय एकच निघाला, उन्हापासून लपणं. हे हॉलंडमध्ये, जिथे ऊन दिसलं की लोक ऑफिस सोडून बाहेर पळतात! झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावलं, तर मी चुना दिलेल्या तुळशीवृंदावनासारखी दिसायला लागले. पण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात आणि त्याला आयर्न ऑक्साइडचा रंग मिसळलेलं सनस्क्रीन बरं पडतं, असं कळलं. म्हणजे गेरूच की! चुना झाला, वर गेरूही झाला. आता फक्त पणती ठेवायची राहिली होती.

आठव्या महिन्यात रात्री तळहात-तळपाय खाजायचे, तेव्हाही तू "खोबरेल लाव" म्हणालीस. एरवी तुझं बरोबर असतं, पोट ताणतं तेव्हा खाज सुटतेच. पण पुरळ नसताना रात्री तळवे खाजले तर यकृताचं दुखणं असू शकतं, म्हणून सुईणीने त्याच दिवशी रक्तातली पित्ताम्लं तपासली. काही निघालं नाही. खोबरेल मग लावलंच.

आता पेटी. ती नवव्या महिन्यात आली, पण उघडली बाळंतपणानंतर, क्राम्झोर्खच्या बाईंसमोर. क्राम्झोर्ख म्हणजे बाळंतिणीच्या घरी येणारी सेवा. बहुतेक आठ दिवस येतात, कमीत कमी 24 तास, गरज असेल तर 80 तासांपर्यंत. त्या बाळाला न्हाऊ घालतात, टाके बघतात आणि पाहुण्यांना वेळेवर हाकलतात. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नसतं तर हे सगळं तू केलं असतंस, शिवाय पाहुण्यांना जेवायला ठेवून घेतलं असतंस.

बाईंनी पेटीतली एकेक वस्तू हुंगली. काजळ बघताच मान हलवली. बाजारी काजळ-सुरम्यात शिसं सापडतं, युरोपात ते बंदच आहे. मी म्हटलं, हे घरचं, तुपाच्या दिव्यावर धरलेलं. त्या म्हणाल्या, काजळीही नको आणि बोटही नको, बाळाच्या डोळ्यात काहीच घालायचं नाही. शेवटी तुझ्या जावयाने टोपडंच मार्करने रंगवलं. तीट एवढी मोठी झाली, की शेजारीण विचारत होती, हा कुठल्या क्लबचा बिल्ला?

धुरीचं विचारू नकोस. ओवा निखाऱ्यावर टाकला आणि छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं. 2022च्या जुलैपासून इथे प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे. खालचे आजोबा चपला न घालता वर आले. बाई म्हणाल्या, एवढ्याशा फुप्फुसांना धूर देत नाहीत, ऊब हवी तर ही घ्या, आणि गरम पाण्याची धातूची बाटली पाळण्यात ठेवली, बाळापासून हातभर नाही पण वीतभर लांब. शेक तो शेकच.

डाळीचं पीठ चोळून लव काढायची नाही, ती आपोआप जाते, हेही त्यांनीच सांगितलं. आणि तुझ्या नातीला, आमच्या चिमणीला, चक्क बादलीत न्हाऊ घातलं! खांद्यापर्यंत पाण्यात, पोटात असल्यासारखी मुटकुळं करून. पायांवर घेऊन, नाक ओढून, रडवून आंघोळ घालणाऱ्या तुझ्या पिढीने हे बघू नये. पोरगी रडलीच नाही.

पण पेटीतल्या बाळंतशेपांपाशी बाई थबकल्या. चावून बघितल्या, हसल्या आणि आमच्याच फडताळातून एक खोकं काढलं. इथे बाळ झालं की पाहुण्यांना टोस्टवर लोणी लावून साखरेत घोळलेले गुलाबी-पांढरे दाणे देतात. आत काय असतं? बडीशेपेची सख्खी चुलत बहीण, अॅनिस. दूध यावं म्हणून! तुझी ओळख नसताना इथल्या कुणा आजीला हे सुचलं. बाई तुझ्या शेपा मुठीत घेऊन गेल्या.

आता चिमणी साडेतीन महिन्यांची झाली आणि माझे केस पुंजक्यांनी गळायला लागलेत. तू म्हणालीस, बाळ आईला ओळखायला लागलं की गळतात. सुईण म्हणते, गरोदरपणात गळायचे थांबलेले केस आता एकदम गळतात, वर्षभरात परत भरतात. कारण वेगळं, तारीख मात्र तीच. मी मोरी तुंबेपर्यंत चिमणीकडे बघून हसते, ती माझ्याकडे बघून हसते.

पेटीतले लाडू संपले. बाबांना नमस्कार.

तुझी
लेक

ता. क. उटण्याचा डबा निम्मा झालाय. मला त्याच्या वासाने मळमळतं, चिमणीला लावायचं नाही. जावयाला विचार, तोंड एवढं कशाने उजळलंय.