परिषदेतले सर

मोठ्या वैद्यकीय परिषदेला पहिल्यांदाच आलेला रेसिडेंट लांबूनच ओळखू येतो. बगलेत पोस्टरची नळी, गळ्यात उलटा फिरलेला बॅज आणि हातात कार्यक्रमपत्रिका; तिच्यात एकाच वेळी सहा हॉलमध्ये सहा व्याख्यानं. असा जीव दिसला की सर त्याला बरोबर गाठतात. सर कुणाचे? कुणाचेच नाहीत. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतात, पण परिषद एकही चुकवत नाहीत.

"पहिल्यांदाच का रे? चल."

"कुठे, सर?"

"जेवण कुठल्या मजल्यावर आहे ते आधी बघून ठेवू. विज्ञान कुठे पळून जात नाही."

मग सरांचं शास्त्र सुरू होतं. हॉलमध्ये एसीच्या झोताखाली बसायचं नाही. खुर्ची कडेची धरायची, म्हणजे वक्ता 'शेवटची स्लाइड' असं तिसऱ्यांदा म्हणाला की उठता येतं. उद्घाटनाला जायचं नाही. समईची शेवटची वात पेटेपर्यंत चहा संपतो. पोस्टरपाशी उभं राहिलास की सगळं म्हणणं एका वाक्यात तयार ठेव. परीक्षकाला अजून चाळीस पोस्टरं बघायची असतात, शिवाय बाथरूमलाही जायचं असतं.

2024 साली औषध कंपन्यांसाठी नवी संहिता आली. तिच्यात डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर बंदी आहे. सर हे घरातलं कुणी गेल्यासारखं सांगतात. त्यांच्याकडे भाजी अजून जुन्या परिषदांच्या पिशव्यांतूनच येते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला 5 वर्षांत अशा हजेरीचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. सरांचे ते केव्हाच भरलेले असतात. पुढची सगळी हजेरी निव्वळ हौसेची.

हे सगळं ऐकून पोरगा हळूच सटकायच्या बेतात असतो. तेवढ्यात सर आवाज खाली आणतात.

"मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय ना? मग मंचाशी गर्दी करू नको, तिथे सेल्फीवाले असतात. चहाच्या टेबलाशी थांब. तासभर बोललेला माणूस तिथे येतोच. आणि 'व्याख्यान फार छान झालं, सर' असलं काही बोलू नको. वॉर्डात तुला अडलेला एक पेशंट सांग."

हा सल्ला मात्र सोळा आणे खरा आहे. कौतुकाला मोठी माणसं मान डोलावतात आणि पुढे सरकतात. अडलेली केस ऐकली की कप खाली ठेवतात. सहा हॉलमध्ये मिळून शिकायला मिळत नाही ते त्या टेबलाशी दहा मिनिटांत मिळतं, आणि नोंदणीचे पैसे तिथेच वसूल होतात. सरांचे बाकीचे सल्ले निम्मे सोडून दिले तरी चालेल. उद्घाटनाला जरूर जावं, निदान आपल्या विषयातली मोठी माणसं चेहऱ्याने तरी कळतात. नाहीतर चहाच्या टेबलाशी केस सांगायची ती केटररला सांगून याल.

तेव्हा पहिल्यांदा परिषदेला निघाला असाल तर सरांना टाळू नका. फक्त समोसे त्यांच्या आधी घ्या.