शोधनिबंधांची दुरुस्ती व देखभाल

गोंदिया शहराला खेटून असलेल्या मुर्री गावात राहून मी जो व्यवसाय करतो, त्याचे नाव सांगितले असता समोरचा इसम प्रथम आदराने आणि नंतर संशयाने मजकडे पाहू लागतो. प्राध्यापक मंडळींनी इंग्रजीत सिद्ध केलेले शोधनिबंध नियतकालिकाकडे रवाना होण्यापूर्वी वाचून, तपासून, छापण्याजोगे करून देणे, हा तो व्यवसाय होय. शेजारच्या धान-व्यापाऱ्याने हा खुलासा शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "म्हंजे सर, पोरांचे पेपर तपासणाऱ्यायचे पेपर तुमी तपासता का जी?" याहून अचूक व्याख्या मला आजतागायत सुचलेली नाही.

या व्यवसायाची परंपरा थोर असली तरी शुभशकुनी म्हणता येणार नाही. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे विज्ञानविषयक नियतकालिक सुरू केले, आणि पुरती दोन-अडीच वर्षे लोटली नाहीत तोच, इंग्रज-डच युद्धाच्या धामधुमीत, परदेशस्थ विद्वानांशी चाललेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराचा सरकारास संशय येऊन त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या कैदखान्यात झाली. इतरांचे निबंध हाताळणाऱ्यास सरकार आत टाकू शकते, ही ऐतिहासिक माहिती मी घरात अद्याप जाहीर केलेली नाही.

मजकडे येणारे मसुदे बहुधा याच मुलखाच्या मातीतले असतात. कोणी धानावरील तुडतुड्यांचा, कोणी सारस पक्ष्याचा, तर कोणी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा अभ्यास केलेला असतो. गेल्या पावसाळ्यात एक प्राध्यापक असाच तलावांवरील मसुदा घेऊन आले. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले, मालगुजारांच्या अमलाखाली नांदलेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झालेले हे तलाव म्हणजे खरोखर अभ्यासाचा उत्तम विषय. परंतु निबंधाचा आरंभ मानवी संस्कृतीच्या उषःकालापासून झाला होता; तेथून लेखणी मेसोपोटेमियास गेली, सिंधूच्या खोऱ्यात रेंगाळली, गोंड राजांना मुजरा करून पुढे सरकली, आणि चौथ्या पृष्ठाच्या तळाशी एकदाची तलावापाशी पोहोचली तेव्हा वाचणाऱ्यास खरोखरच तहान लागली होती.

मी मसुदा मिटून विचारले, "सर, तुम्हाला नेमके काय आढळले?"

प्राध्यापकमहाशयांनी चहाचा कप खाली ठेवला आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "गाळ भरला सर, त पानी कमी मावते, अन् पावसानं दडी मारली का धानाले शेवटचं पानी भेटत नाही. एवढंच हाय."

हे एवढेच संपूर्ण निबंधात कोठेही नव्हते. पुढे एका कोष्टकात टक्केवारीची बेरीज एकशे तीन भरत असल्याचे मी विनयपूर्वक निदर्शनास आणले, तेव्हा ते हसून उत्तरले की काही शेतकऱ्यांनी दोन-दोन उत्तरे दिली होती. खुलासा बिनतोड होता. फक्त तो लेखकाच्या मस्तकात सुरक्षित राहिला होता. कुटुंबातील सरासरी माणसांची संख्या मात्र दशांशचिन्हापुढे चार स्थळांपर्यंत दिली होती, आणि त्या चौथ्या स्थळावरील माणूस कोणाच्या वाट्याला गेला, हे आम्हा दोघांनाही ठरविता आले नाही.

मसुद्यास हात लावताच लेखकाचा चेहरा बदलतो, हे मी ओळखून आहे आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. १९३६ साली 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकांनी आईनस्टाईनचा गुरुत्वलहरींवरील निबंध एका परीक्षकाकडे धाडला, तेव्हा आपली परवानगी न घेता तो परक्या इसमास दाखविल्याबद्दल संतप्त होऊन त्या महापुरुषाने निबंध परत मागविला. पुढे तो दुसऱ्या नियतकालिकात आला तो मुख्य निष्कर्ष बदलूनच! आमच्या लेखकांचे आईनस्टाईनशी पूर्वार्धापुरते संपूर्ण साम्य आहे.

तरुण संशोधकांची कैफियत निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी इतरांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याकडे काणाडोळा करण्याची सवलत दिली, तेव्हापासून काहीजण मसुदा संगणकाकडून शब्द बदलून घेतात आणि मग मजकडे येतात. परदेशातही हेच चालते. गियोम कबानाक प्रभृतींनी २०२१ साली अशा छापील निबंधांचा छडा लावला असता 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे रूपांतर 'काउंटरफिट कॉन्शसनेस' असे झालेले आढळले. तेथे निदान चोरीचा माल ओळखू येत होता.

असो. तलावांच्या निबंधातून मी मेसोपोटेमिया वजा केला, सिंधूचे खोरे वजा केले, 'निर्विवादपणे सिद्ध झाले' तेथे 'दिसून आले' असे केले, आणि चहाच्या वेळी झालेली ती जबानी इंग्रजीत उतरवून गोषवाऱ्याच्या अग्रभागी बसविली. प्राध्यापकांनी ती दोनदा वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर," ते कळवळून म्हणाले, "हे त कोणालेही समजन!"

सर्वांस समजेल असे लिहिल्यास आपण फारसे काही केले नाही असे जगास वाटेल, ही धास्ती मी पुष्कळ विद्वानांच्या ठायी पाहिली आहे. मेसोपोटेमिया तिच्याच पोटी जन्मास येतो. तरीही बऱ्याच मनधरणीनंतर निबंध मी दुरुस्त केला होता तसाच रवाना झाला. यथावकाश परीक्षकांचा अभिप्राय आला: संशोधन स्वागतार्ह, परंतु इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून भाषा तपासून घ्यावी. तशी व्यक्ती मुर्रीत कोठे मिळावी? प्राध्यापक पुनश्च माझ्याच दारी आले. मी दोन स्वल्पविराम जागचे हलविले, भाषा तपासल्याचा सहीनिशी दाखला दिला आणि मसुदा परत धाडला.

दुसऱ्या अभिप्रायात परीक्षकांनी भाषेतील आमूलाग्र सुधारणेबद्दल समाधान व्यक्त केले. प्राध्यापकांचा पुढील मसुदा आता आला आहे. मसुद्यात पुन्हा मेसोपोटेमिया आहे, आणि सोबतच्या पत्रात, दाखला मागच्यासारखाच कडक असावा, अशी विनंती आहे.