उतरणीचा स्टिकर

सकाळी सहाला खिडकीतून पाहिलं तर माझे वडील, अण्णा, माझ्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे. डोक्याला कानटोपी, हातात माझा जुना बनियन, आणि त्या बनियनने ते ऑईलची पट्टी पुसत होते. अण्णा एसटीचे ड्रायव्हर; सातारा डेपोत हे दृश्य बत्तीस वर्षं रोज दिसायचं. पण हे बोस्टनजवळच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग होतं, आणि कुत्रं फिरवायला निघालेली शेजारीण 'याला चोर म्हणावं की मेकॅनिक' अशा मुद्रेने थबकली होती. मी चपला अडकवून खाली धावलो.

"आरं, हे इंजिन आडवं का निजलंय?" अण्णांनी मान वर न करता विचारलं.

गाडी माझी. 2017 सालची सुबारू डब्ल्यूआरएक्स, सेकंडहँड. दोन लिटरचं टर्बो इंजिन, 268 घोडे, चारही चाकांना ताकद, सहा गिअर आणि तिसरं पेडल. अमेरिकेत क्लचची गाडी घेणाऱ्याकडे लोक जात्यावर पीठ दळणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. घेताना बायकोला मी एवढंच म्हणालो होतो, "सेडान आहे, चार दारं आहेत, बर्फात चालते." तिन्ही विधानं खरी होती. धर्मराजाचंही 'नरो वा कुंजरो वा' खोटं नव्हतंच.

तीन वर्षं या गाडीचं मूल्यमापन मी एकट्याने केलं आणि दर वेळी तिला पैकीच्या पैकी दिले. स्वतःच्या पोराची उत्तरपत्रिका स्वतःच तपासायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? या वर्षी पहिल्यांदाच साताऱ्याहून बाहेरचे परीक्षक आले होते.

मी समजावून सांगितलं. सुबारूचे सिलिंडर उभे नसतात, दोन्ही बाजूंना आडवे असतात, पिस्टन समोरासमोर ठोसे मारल्यासारखे हलतात, म्हणून बॉक्सर इंजिन. वजन खाली राहतं, गाडी वळणावर फारशी झुकत नाही.

"आनि प्लग?"

"बाजूला. तिथे खाली."

अण्णांनी इंजिन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालून पाहिला, तो मनगटाशी अडकला. "हितं प्लग बदलायला मान्सापरीस नागोबा बरा," म्हणून त्यांनी हात सोडवून घेतला.

तेवढ्यात आई डबे घेऊन आली. तिचं लक्ष बॉनेटवरच्या उंचवट्याकडे गेलं. "ही पत्रपेटी कशाला रे?"

ती पत्रपेटी नव्हे, हवेचं भोक. इंजिनातून बाहेर पडणारा धूर टर्बोचं चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं. कोंबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला इंजिनाच्या डोक्यावर एक जाळी बसवलेली असते, आणि त्या जाळीला वारं लागावं म्हणून हे नाक. हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "म्हंजे फुकट जाणाऱ्या धुराला वाटंत धरायचं आनि त्येच्याकडनं भाता मारून घ्यायचा. ह्यो जपानी मानूस सातारकराहून चिकट हाय."

आईला मात्र पुढच्या बिल्ल्यावरचे तारे आवडले. मी माहिती पुरवली. सुबारू हे कृत्तिका नक्षत्राचं जपानी नाव. पाच कंपन्या एकत्र येऊन 1953 साली एक मोठी कंपनी झाली, म्हणून पाच लहान तारे आणि एक मोठा.

"सहा कृत्तिका!" आई हरखली. "कार्तिकेयाला सांभाळणाऱ्या सहा आया!" मग क्षणभर विचार करून म्हणाली, "सहा आयांचं पोर म्हणजे खायला नखरे करत असणार."

मी गप्प बसलो. गाडीला साधं पेट्रोल चालत नाही, महागातलंच लागतं, हे घरात अजून जाहीर व्हायचं होतं.

नखरे तेवढ्यावर थांबत नाहीत. गेल्या साली एका खड्ड्याने एक टायर बाजूने फाटला. टायरवाल्याने फाटलेला सोडून उरलेल्या तिघांची जाडी मोजली आणि दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून सांगितलं की चारही बदलावे लागतील. चारही चाकांना एकच इंजिन ओढतं. एक चाक नवं, घेराने मोठं आणि तीन झिजलेली असली तर मधला डिफरन्शियल रात्रंदिवस भांडणं सोडवत बसतो आणि शेवटी स्वतःच मरतो. शिवाय 'बर्फात चालते' म्हणजे हिवाळ्याचे चार टायर वेगळे. असे एकूण बारा टायर मी एका वर्षात पाहिले. बायको तेव्हा फक्त "चार दारं आहेत ना?" एवढंच म्हणाली होती.

त्या दिवशीचा बेत होता न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनचा. उंची 6,288 फूट, म्हणजे 1,917 मीटर. कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटर जास्त. माथ्यापर्यंत गाडीरस्ता जातो, तोही 1861 सालचा. सप्टेंबर संपत आला होता, झाडं लाल-पिवळी व्हायला लागली होती. आई आणि बायको मागे, मी स्टिअरिंगला, अण्णा शेजारी.

इथे एक तांत्रिक घोटाळा झाला. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शेजारचा माणूस उजवीकडे. बत्तीस वर्षं अण्णा ज्या बाजूला बसले, नेमक्या त्याच बाजूला आता बसले होते. फक्त समोरचं चाक कोणीतरी काढून नेलं होतं. त्यांच्या पायांना हे कळवलेलं नव्हतं. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की अण्णांचे दोन्ही पाय चटईत रुतायचे. आणि गिअरचा दांडा तर थेट त्यांच्या डाव्या हाताशी आला होता, जिथे तो आयुष्यभर होता. डावा हात मांडीखाली दाबून ते कसेबसे बसले होते.

हायवेला लागताना मी दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग टर्बोला जाग आली आणि आईच्या हातातला चटणीचा डबा मागच्या काचेला जाऊन भिडला.

"ही आधी डुलकी काढती," अण्णांनी नोंद केली, "आनि मग यष्टी चुकल्यागत उठून पळती."

मागून आईचा आवाज आला, "एवढी महागाची गाडी, मग हादरते का रे अशी?"

"पाटे कडक हायत," अण्णांनी परस्पर उत्तर दिलं. डब्ल्यूआरएक्सला पाटे नसतात, पण निदान बिनचूक होतं. वळणावर गाडी रस्त्याला गोचिडीसारखी चिकटावी म्हणून स्प्रिंगा ताठ ठेवलेल्या असतात; त्याचा हिशेब मागच्या सीटवरचे मणके चुकते करतात.

मग तो प्रश्न आला, जो साताऱ्याहून निघाल्यापासून येणारच होता. "केपीटीएल किती?"

एसटीत डिझेलचा हिशेब दहा लिटरला किती किलोमीटर असा ठेवतात. समोर आकडा दिसत होता, गॅलनला पंचवीस मैल. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि रुबाबात सांगितलं, "106."

"आमची लालपरी 45 द्यायची."

"बघा!"

"पर आत मान्सं पंचेचाळीस. तुझ्यात चार." अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. पुढची दहा मिनिटं मी तो हिशेब करत होतो. माणशी पाहिलं तर लालपरी माझ्या जपानी कार्तिकेयाच्या जवळजवळ पाचपट काटकसरी निघाली.

न्यू हॅम्पशरच्या नंबरप्लेटवर 'स्वतंत्र जगा, नाहीतर मरा' अशा अर्थाचं ब्रीद असतं, आणि मोठ्या माणसांना सीटबेल्टची सक्ती नसलेलं हे राज्य आहे. म्हणजे दोन्ही पर्याय खुले ठेवलेत. रस्त्याकडेला पाट्या होत्या, की मूससाठी ब्रेक मारा, जीव वाचेल. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. धडकलं की त्याचे लांब पाय बॉनेटखाली जातात आणि धड काचेवर येतं. अण्णांना ती पाटी फार पटली. "आमच्याकडं म्हशीसाठी ब्रेक मारत्यात, पर तशी पाटी कुनी लावत न्हाय."

कॉनवे गावात पेट्रोल भरायला थांबलो. महागातलं पेट्रोल उघडकीला आलं. आई "मी म्हटलंच होतं" म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या पंपावरून वीसेक वर्षांचं एक पोरगं आलं. त्याचीही डब्ल्यूआरएक्स होती, सायलेन्सर डब्याएवढा. या गाडीच्या मालकांमध्ये वारकऱ्यांसारखी ओळखदेख न लागता राम राम घालायची पद्धत आहे. पोराने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि जवळ उभ्या अण्णांना विचारलं, "स्टेज टू?"

त्याच्या भाषेत स्टेज वन म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी बदलून ताकद वाढवणं. स्टेज टू म्हणजे सोबत धुराचे पाईपही बदलणं. अण्णांच्या भाषेत स्टेज म्हणजे एसटीच्या भाड्याचा टप्पा, सहा किलोमीटरचा.

"स्टेज टू?" अण्णांनी चटकन हिशेब केला. "यस. ट्वेल्व्ह किलोमीटर."

पोरगं गांगरलं, मग आदराने मान डोलवून गेलं. आपल्याला न कळलेलं काहीतरी फार मोठं असावं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

पायथ्याच्या नाक्यावर पैसे भरले. तिथल्या बाईंनी तिकिटासोबत बंपरला लावायचा स्टिकर दिला: 'ही गाडी माउंट वॉशिंग्टन चढली'.

"अजून चढलीच न्हाय की," अण्णा म्हणाले. "परीक्षेआधी निकाल?" मग रस्त्याची लांबी विचारली. 7.6 मैल, म्हणजे बारा किलोमीटर. अण्णांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "दोन टप्पे! त्या पोराला कसं ठावं?"

चढण सरासरी 12 टक्के, काही ठिकाणी त्याहून खडी. झाडं बुटकी होत गेली आणि मग संपलीच. कठडा बहुतेक ठिकाणी नाही. कडेला आकाश सुरू होतं. या रस्त्यावर पहिली मोटार 1899 साली फ्रीलन स्टॅन्ली नावाच्या गृहस्थाने चढवली, वाफेवरची, बायकोला शेजारी बसवून. दोन तासांहून जास्त लागले. 2021 साली ट्रॅव्हिस पास्त्रानाने सुबारूच्याच खास बनवलेल्या गाडीतून हीच चढण 5 मिनिटं 28 सेकंदांत संपवली.

"स्टॅन्लीची बायको शेजारी होती म्हणून तो वर पोचला," मागून माझी बायको म्हणाली. "पास्त्रानाच्या शेजारी कोणी होतं का?"

खरं सांगतो, गाडी सुंदर चढली. खड्या चढावर चारही चाकं एकमेकांना धरून चालत होती, दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो हलकेच शीळ घालत होता, आणि मी दर वळणावर अण्णांकडे चोरून बघत होतो. अण्णा समोर बघत होते. परीक्षक पेपर तपासताना बोलत नाहीत.

माथ्यावर ढग होते. तिथे बहुतेक दिवस असतातच. 12 एप्रिल 1934 रोजी इथे ताशी 231 मैल, म्हणजे 372 किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. एक लाकडी इमारत छपरावरून साखळदंड टाकून जमिनीला बांधून ठेवली आहे. आईने शाल डोक्यावरून घेतली. "इथली घरं पळून जातात काय रे?" साखळदंडाच्या आडोशाला बसून आम्ही धपाटे खाल्ले. चटणी निम्मी वाऱ्याने खाल्ली.

आणि मग उतरायची वेळ आली.

चढताना 268 घोडे कामाला येतात. उतरताना ते सगळे मिळून ढकलतात. मी दुसऱ्या गिअरमध्ये निघालो. दर वळणाला ब्रेक, परत ब्रेक. तिसऱ्या मैलाच्या सुमाराला जळका वास आला. आमचा नव्हता, पुढे कडेला थांबलेल्या एका थोरल्या गाडीच्या चाकांतून धूर निघत होता आणि तिचा मालक चाकाकडे हात जोडल्यासारखा बघत होता. माझ्या पायाखालचं पेडलही थोडं मऊ लागायला लागलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही.

अण्णांना सांगावं लागलं नाही. मांडीखालचा डावा हात बाहेर आला आणि गिअरच्या मुठीवर बसला.

"क्लच," ते म्हणाले. माझ्याशी नाही, पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी शिकाऊ ड्रायव्हरशी. माझा डावा पाय आपोआप खाली गेला. उजव्या पायाने मी इंजिनाला हलका दम दिला, अण्णांनी मुठीला एक हिसका न देता पहिला गिअर टाकला, मी क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं आणि गाडीची चाल बैलाची झाली.

"आता ब्रेकला हात लावू नगं. आंबेनळी घाटात पन्नास मान्सं घेऊन उतरताना ब्रेक वाचवून ठेवायचा, शेवटच्या वळनासाठी. मशीन मशीनला धरतं."

उरलेल्या घाटात आम्ही दोघांनी मिळून एक गाडी चालवली. पाय माझे, गिअर अण्णांचा. टर्बो झोपला होता. मागे आईही.

पायथ्याला अण्णा उतरले, प्रत्येक चाकाजवळ हाताची पाठ नेऊन ऊब पाहिली. "कोमट हाय. चांगली गाडी हाय तुझी. ऐकती." एवढंच मूल्यमापन.

मग मी स्टिकर काढला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "आनि उतरली त्येचा कुठाय?"

तो मिळत नाही, असं मी सांगितलं. अण्णांना ते अजिबात पटलं नाही. "चढतं कुनीबी," म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी नातवाच्या दप्तरातला काळा मार्कर मागून घेतला आणि बंपरवरच्या स्टिकरखाली, लॉगशीट भरायच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'व उतरली'.

अण्णा साताऱ्याला परतले त्याला दोन महिने झाले. परवा सिग्नलला शेजारी एक डब्ल्यूआरएक्स थांबली. आतल्या पोराने काच खाली करून माझ्या बंपरकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ते खालचं काय लिहिलंय?

"स्टेज टू," मी म्हणालो.