केळीला बंदी नाही

पोरगी सहा महिन्यांसाठी परदेशी शिकायला निघाली की खान्देशातल्या घरात पहिला प्रश्न विषयाचा येत नाही, पिठाचा येतो. माझी भाची एक्स्चेंजवर जर्मनीला जाणार हे ठरलं, तेव्हा धुळ्याला ताईकडे विद्यापीठाचं पत्र कितीतरी दिवस फ्रीजवर पडून होतं. कळण्याचं पीठ मात्र दुसऱ्याच दिवशी दळून आलं.

ताईच्या सासूबाईंना मी सगळी व्यवस्था नीट समजावून सांगितली. दोन्हीकडची पोरं आपापल्या कॉलेजात फी भरतात, सत्रापुरती जागा बदलतात आणि तिकडचे मार्क इकडे धरले जातात. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपली पोर तठे जाई, मंग त्यास्नी पोर आठे कव्हय यी?" प्रश्न कायद्याला धरूनच होता. उत्तर कुणाकडे नव्हतं, तरी आजींनी माळ्यावरून एक गादी काढून उन्हात टाकली.

बॅगेत काय चालतं आणि काय नाही, हे शोधायचं काम जळगावचा मामा म्हणून माझ्याकडे आलं. विमान कंपनी 23 किलोंवर थांबते, ते एकवेळ समजून घेता येतं. पण युरोपीय संघाला आपल्याकडून येणारे दुधाचे पदार्थ चालत नाहीत. म्हणजे साजूक तूप बाद, पेढे बाद. ताईने बरणीवर 'केसांचं तेल' अशी चिठ्ठी लावून पाहिली. वासाने चिठ्ठीला खोटं पाडलं. 2019 च्या डिसेंबरपासून कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय भाजी-फळंही नेता येत नाहीत. भरिताची वांगी तिथेच गळाली. या नियमातून फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, खजूर, ड्युरियन नावाचं एक काटेरी प्रकरण, आणि केळी! मी ती ओळ घरात दोनदा मोठ्याने वाचली. ब्रुसेल्सच्या त्या कचेरीत रावेर-यावलकडचं कुणीतरी चिकटलेलं असणार. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय मानांकन मिळालं. सख्ख्या बहिणींसारख्या दोघी, पण व्हिसा एकीलाच. तरी भाचीने केळी नेली नाहीत. बॅगेत लॅपटॉपचा चेंदा होईल म्हणाली. नव्या पिढीला जिल्ह्याचा अभिमान नाही.

वांगी तिला तिकडे एका तुर्की दुकानात मिळाली. कपाशीच्या काड्या नाहीत म्हणून ओव्हनमध्ये भाजली. खरी अडचण पुढेच होती. भरीत मिक्सरमधून काढणं आमच्यात पाप. ते लाकडी बडगीत मुसळीने ठेचावं लागतं, तेव्हा कुठे हिरवी मिरची, लसूण आणि वांगं एकमेकांना ओळखू लागतात. तिने पातेलं घेतलं, बाटलीचं बूड घेतलं आणि रात्री सव्वादहाला सुरुवात केली. जर्मनीत रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. सकाळी वसतिगृहाच्या फलकावर सूचना लागली: रात्री खोलीत सुतारकाम करू नये.

सत्राच्या शेवटी तिने घरच्या ग्रुपवर निकाल टाकला: "1.3 मिळाले!!!" पुढे नाचणाऱ्या बाईचं चित्र. ग्रुपवर बराच वेळ कुणी हूं की चूं केलं नाही. मग दाजींनी लिहिलं, "तब्येत महत्त्वाची." काकूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आजींना वाचून दाखवलं तर त्या तिकडच्या मास्तरांवरच घसरल्या, "येवढा मोठा देश, नि मार्क देवाले इतला कंजूस?"

रात्री फोनवर उलगडा झाला. तिकडे 1 हा सगळ्यात वरचा, 4 पर्यंत पास, 5 म्हणजे नापास. दाजी लगेच गल्लीत पेढे वाटायला निघाले.

या सगळ्याचा मन लावून अभ्यास केला तो एकट्या धाकट्या भाच्याने. चाचणीत गणितात वीसपैकी 4 आणून त्याने प्रगतिपुस्तक ताईपुढे धरलं आणि हे जर्मनीत पास असतं म्हणून ठणकावून सांगितलं. ताई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"सही पण तिथूनच आण," म्हणाली.