तटबंदी आणि सराफा

झाडावेलींना पळता येत नाही, म्हणून त्यांनी स्वसंरक्षणाचं सगळं खातं शरीराच्या घडणीवर सोपवलं. कोट्यवधी वर्षं ते ठीक चाललं. मग इंदूर वसलं.

रात्री राजवाड्याजवळच्या सराफ्यात सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. थंडीत तिथला मानकरी गराडू. हा कंद म्हणजे पुढल्या मोसमात कोंब फुटावा म्हणून वेलीनं जमिनीखाली केलेली पिठूळ साठवण. ती कुणी फस्त करू नये यासाठी त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुड्या बांधून ठेवलेल्या असतात. त्या दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. कच्चा गराडू सोलणाऱ्या काकूंना नुसते हात पुरतात. या शस्त्रागारावर इंदुरी तोड सोपी आहे : फोडी तळायच्या, वर जिरावण मसाला भुरभुरायचा. 'भिया, नींबू और?' याला कुणी 'नको' म्हटलेलं ऐकिवात नाही.

मिरचीचा डाव अधिक हुशारीचा. तिचा तिखटपणा बियांत नसतो, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो. सस्तन प्राणी दाढांखाली बिया चिरडतात, पक्षी अख्ख्या गिळून दूर नेऊन टाकतात. म्हणून सस्तनांच्या तोंडात आग, पक्ष्यांना झळही नाही. ही आग म्हणजे उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीची निव्वळ फसगत. तो ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. 'खाऊ नका' हा इतका स्पष्ट निरोप आम्ही 'थोडी आणखी टाका' असा वाचला.

मक्याचं तर वाईटच वाटतं. कणसाच्या शेंड्याला लोंबणारा एकेक रेशमी तंतू आतल्या एकेका दाण्याचा. तंतूवर पराग पडला, त्यातून फुटलेली नळी तळापर्यंत पोचली, तरच तो दाणा भरायचा. नाहीतर तिथे खळगा. एवढी शिस्तीची बांधणी आम्ही किसणीवर धरतो, दुधात शिजवतो आणि भुट्ट्याचा कीस म्हणून द्रोणात घेतो.

आता हे सगळं जिथे जाऊन पडतं, त्या जठराची घडणही काही कमी नाही. रिकामं असताना ते चुण्या घालून बसतं. भरू लागलं की चुण्या उलगडतात आणि लिटरभर ऐवज सहज मावतो. स्वतःच्याच आम्लानं जळू नये म्हणून आत बुळबुळीत थर, आणि थराखालचं अस्तर दर काही दिवसांनी नवं. गराडूची, मिरचीची तटबंदी फोडणाऱ्यालाही स्वतःची तटबंदी लागतेच.

तिच्यात एकच फट राहिली. पोट भरल्याचा पुरता निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात म्हणे. वीस मिनिटांत निवांत खाणारा माणूस तृप्त होऊन उठतो. सराफ्यातला माणूस तेवढ्यात रबडी संपवून कुल्फीच्या रांगेत उभा असतो.