मागणी, पुरवठा आणि ब्लॅक बुक

बीएमएस हा व्यवस्थापनशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठात १९९९-२००० पासून आहे. शहरात वाणिज्य शिक्षणाची टंचाई तेव्हाही नव्हती. सिडनहॅम कॉलेज १९१३ सालचे. परंतु बीकॉम अनुदानित, म्हणून स्वस्त. बीएमएस विनाअनुदानित, म्हणून महाग, आणि महाग म्हणून दर्जेदार. किंमत वाढली की ज्यांची मागणीही वाढते, त्यांना अर्थशास्त्रात व्हेब्लेन वस्तू म्हणतात. पाठ्यपुस्तके उदाहरणादाखल उगाच हिऱ्यांचे दागिने देतात.

प्रवेशाचे नियम २०२४ मध्ये बदलले. बीएमएससारखे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी ही प्रवेश परीक्षा लागू झाली. सीईटी टाळण्यासाठी अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. वर्ग तेच, बाके तीच. पाटी मात्र ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’. रीब्रँडिंगचा धडा इतक्या कमी खर्चात क्वचितच कोणी शिकवला असेल.

अभ्यासक्रमात फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वे येतात. योग्य मोबदला आणि कर्मचाऱ्यांचे स्थैर्य ही त्यांतली दोन. ती बहुधा तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात आणि तास संपताच दुसऱ्या कॉलेजकडे जाणारी लोकल पकडतात. तासिका हे पंधरावे तत्त्व. ते फेयॉलला सुचले नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ मास्लो. त्याच्या १९४३ च्या लेखात गरजांची उतरंड आहे, पिरॅमिडची आकृती नाही. परीक्षेत मात्र पिरॅमिड पट्टीने काढला नाही तर गुण जातात. अर्थशास्त्राच्या पेपरात प्रत्येक नियम ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ या शब्दांनी सुरू होतो. हे शब्द केटी लागलेल्यालाही तोंडपाठ असतात.

प्रत्यक्ष अनुभवासाठी इंडस्ट्रियल व्हिजिट असते. ती शक्यतो गोव्याला नेतात. कारखाना अर्ध्या तासात उरकतो, उरलेला वेळ पर्यटन उद्योगाच्या अभ्यासात जातो.

शेवटच्या वर्षी संशोधन करावे लागते. त्याला ब्लॅक बुक म्हणतात: काळे रेक्झिनचे पुठ्ठे, वर सोनेरी अक्षरे. गूगल फॉर्म मित्रांना आणि मावस-चुलत भावंडांना पाठवला जातो. आलेल्या उत्तरांचे रंगीत पाय चार्ट निघतात आणि ग्राहक एकंदरीत समाधानी असल्याचा निष्कर्ष निघतो. असमाधानी ग्राहक आढळल्यास पुन्हा बायंडिंग करावे लागेल, म्हणून तो आढळत नाही. व्हायवात बाहेरचे परीक्षक आभारप्रदर्शनाचे पान बारकाईने पाहतात.

पदवीनंतर दोन वाटा फुटतात. पहिली टार्गेट घेऊन विमा आणि कर्जे विकण्याची. तिची पहिली गिऱ्हाइके ब्लॅक बुकचा फॉर्म भरलेली तीच भावंडे. दुसरी वाट एमबीएच्या सीईटीची. तिथे पहिल्याच सत्रात फेयॉल आणि मास्लो पुन्हा मुळापासून शिकवले जातात, फी मात्र कैकपट. एकच माल वाढीव दराने दुसऱ्यांदा घेणाऱ्याला विपणनशास्त्रात निष्ठावंत ग्राहक म्हणतात.