खिशातलं राखीव जंगल

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. त्यामुळे कुठे शिरायचं नाही, हे मुलचेऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते लिनक्सला.

माझ्याकडे २०१८ सालचा एक फोन पडून होता. काच तडकलेली, पण आतली स्नॅपड्रॅगन ८४५ चिप धडधाकट. कंपनीनं अपडेट बंद केले म्हणून काय झालं, यावर पोस्टमार्केटओएस नावाचं लिनक्स चढवू, घरात एक छोटा कॉम्प्युटर होईल, असा बेत केला. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बांधला, फोनमध्ये भरला, बटण दाबलं. लोगो आला. लोगो गेला. पुन्हा आला. एरर नाही, एक अक्षरही नाही.

शेजारचे काकाजी वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. येता-जाता विचारत, “कावून गा, झाला का सुरू?”

“सुरूच होऊन राह्यला, काकाजी. सकाळपासून नुसता सुरूच होऊन राह्यला.”

भानगड अशी, की या चिपला बाहेरच्या सुट्या भागांशी बोलायला १५० पिना असतात. त्यांना जीपीआयओ म्हणतात. लिनक्स जागं झालं की शिस्तीत प्रत्येक पिनेची चौकशी करतं : बाई, तू निरोप आत आणतेस की बाहेर नेतेस? बहुतेक पिना निमूट उत्तर देतात. पण काही पिना, उदाहरणार्थ बोटाचा ठसा वाचणाऱ्या सेन्सरच्या, ‘ट्रस्टझोन’ या सुरक्षित कारभाराच्या ताब्यात असू शकतात. त्यांना हात लावणं दूरच, नुसतं विचारलं तरी चिप अख्खा फोन पाडते. तेही इतक्या तडकाफडकी, की कर्नलला मरणाचं कारण छापायलाही फुरसत मिळत नाही.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे राखीव कक्षात शिरला म्हणून नाही, कक्ष कोणाचा हे विचारलं म्हणून मारला?”

“हो.”

“आमचं खातं एवढं कडक नव्हतं गा.”

खरंच नव्हतं. १९२७ च्या वन कायद्यातही राखीव जंगलात घुसणं गुन्हाच आहे. पण तिथे सीमेचे बुरूज असतात, पाटी असते, कक्षाला क्रमांक असतो. दंड झाला तर पावती तरी मिळते.

फोनमधल्या पाट्या लावायच्या असतात ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलमध्ये. वनखात्याच्या मोजणीत न आलेलं मुलचेऱ्यातलं हे एकमेव झाड असावं. कुठल्या पिना वगळायच्या हे या फाइलमध्ये सांगण्याची सोय कर्नलमध्ये २०१८ साली आली. ओळीचं नाव ‘जीपीआयओ-रिझर्व्ह्ड-रेंजेस’. याच चिपच्या इतर काही फोनांच्या फायलींत पुढे लिहिलेलं असतं : ० ४, ८१ ४. म्हणजे शून्यापासून चार आणि एक्याऐंशीपासून चार, १५० पैकी या आठ पिनांची चौकशी करू नये. पण कुठल्या पिना राखीव, हे फोन बनवणारा ठरवतो. त्यामुळे दुसऱ्याची ओळ आपल्याला लागू पडेलच असं नाही. सिरियल केबल असती तर फोनचे शेवटचे शब्द वाचता आले असते. ती मुलचेऱ्यात कुठे मिळायची?

तोड काकाजींनीच काढली. “आधी सगळंच राखीव कर. मग एकेक कक्ष मोकळा कर. इंग्रजांनी पहिलं काम तसंच केलं होतं.”

त्यातला दुसरा भाग व्हायला इथे २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेख्याला सामूहिक हक्क मिळाले ते २००९ मध्ये. त्या मानानं माझा फोन लवकर सुटला. ज्या पिना मोकळ्या करताच तो कोसळे, त्या राखीव ठेवल्या. बाकीच्या वापरात आल्या. आता फोन मुकाट चालतो आणि काकाजी त्यावर धानाचे भाव बघतात.

आठ-दहा पिना राखीव असाव्यात, याला माझी हरकत नाही. आपल्या बोटाचा ठसा कुठल्याही उपटसुंभ प्रोग्रामच्या हाती लागू नये, हे रास्तच आहे. हरकत आहे ती पाटी न लावण्याला. तेव्हा तुमच्या फोनच्या राखीव पिना तुम्हाला सापडल्या, तर त्या वहीत लपवून ठेवू नका. ती एक ओळ कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवून द्या. तुमच्या मागून येणाऱ्याचा फोन पहिल्याच दमात उठेल.